रात्रिचित्र-संस्करण

रात्रिचित्र-संस्करण : स्मार्टफोनच्या कॅमेऱ्याने रात्री घेतलेल्या छायाचित्रातील उजेड, अंधार, रंग व चौकट यांत मागाहून फेरफार करून त्यास चित्रपटातील दृश्याची कळा आणण्याची क्रिया. छायाचित्रावर मागाहून संस्कार करणे ही नवी गोष्ट नाही. काळोख्या खोलीत कागदावर छायाचित्र छापताना हाताच्या ओंजळीने किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याने उजेड अडवून चित्राचा एखादा भाग फिका वा गडद राखण्याची रीत छायाचित्रकारांना फार पूर्वीपासून अवगत होती. तेच काम आता फोनच्या पडद्यावर बोटाने होते. रात्रीच्या चित्रांच्या बाबतीत मात्र एक वेगळी अडचण निर्माण झाली आहे. २०१८ पासूनचे अनेक फोन रात्र टिपतानाच ती आपणहून उजळतात. छायाचित्र हाती येते तेव्हा त्यातील रात्र बरीचशी नाहीशी झालेली असते. संस्करण करणाऱ्यास ती परत आणावयाची असते आणि परत आणताना कोणता भाग अंधारात जाऊ द्यावयाचा व कोणता नाही, हे ठरवावे लागते. या विषयातील बाकीची सर्व तंत्रे या एका निर्णयाच्या सेवेत आहेत.

चित्रपटातील रात्र : रात्र पडद्यावर दाखविण्याची भाषा चित्रपटाने हळूहळू घडविली. दादासाहेब फाळके यांच्या काळात चित्रण मुख्यतः सूर्यप्रकाशात होई. मूकपटांच्या युगात जगभर रात्रीच्या प्रसंगांच्या फिल्मला निळ्या रंगात बुडविण्याचा प्रघात होता. आगीच्या दृश्यास तांबडा आणि दिव्याच्या उजेडातील खोलीस पिवळसर रंग देत. निळे म्हणजे रात्र हा संकेत प्रेक्षकांच्या मनात तेव्हापासून रुजला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांच्या सावकारी पाश या चित्रपटातील मंद उजेडात चित्रित केलेल्या उदास झोपडीची आठवण तो पाहिलेले लोक पुढे अनेक वर्षे काढीत. पेंटर मुळात चित्रकार होते आणि पडद्याचा मोठा भाग काळा ठेवण्याचे धैर्य चित्रकाराकडे आधीच असते. प्रभात फिल्म कंपनीने सैरंध्री (१९३३) या चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करवून घेतल्या. तो प्रयोग फसला. त्यानंतर बराच काळ मराठी चित्रपटातील रात्र ही काळ्या-पांढऱ्या छटांचीच राहिली.

कृष्णधवल फिल्मवर भर दुपारी चित्रण करून ते रात्रीचे म्हणून दाखवीत. त्यासाठी भिंगापुढे तांबडी काच लावीत. निळा प्रकाश अडल्यामुळे आकाश काळे पडे. रंगीत फिल्म आल्यावर विजेच्या दिव्यांसाठी बनविलेली फिल्म उन्हात, रंग सुधारणारी काच न लावता आणि उद्भासन कमी ठेवून वापरीत. त्यामुळे सारे दृश्य गडद निळे येई. फ्रेंच लोक या युक्तीला ‘अमेरिकन रात्र’ म्हणतात. त्रुफो यांच्या १९७३ मधील एका प्रसिद्ध चित्रपटाचे नावही तेच आहे.

निळ्या रात्रीचा हा संकेत अगदीच मनःकल्पित नाही. चांदणे हे सूर्यप्रकाशाचेच परावर्तन असून प्रत्यक्षात त्याचा रंग सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबूस असतो. तरीही ते आपल्याला निळसर वाटते, याचा संबंध डोळ्याच्या रचनेशी आहे. भरपूर उजेडात जालपटलावरील शंकू पेशी काम करतात व त्यांची संवेदनक्षमता सु. ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे पिवळसर हिरव्या, प्रकाशाला सर्वांत जास्त असते. उजेड फार कमी झाला की दंड पेशी पुढे येतात व त्यांचा कळस सु. ५०७ नॅनोमीटरला, निळसर हिरव्याकडे, सरकतो. त्यामुळे तिन्हीसांजेला जास्वंदीचे फूल काळे पडलेले दिसते, तर तिची पाने त्यामानाने उजळ राहतात. बोहीमियन शरीरक्रियावैज्ञानिक पुर्किन्ये यांनी १८२५ मध्ये हे निरीक्षण नोंदविले. त्यावरून त्यास ‘पुर्किन्ये परिणाम’ असे नाव पडले. कॅमेऱ्याच्या संवेदकास दंड पेशी नसतात. त्याला मध्यरात्रीही रंग दुपारसारखेच दिसतात, फक्त कमी प्रमाणात. तेव्हा सावलीतील रंग फिके करून त्यांत निळसर छटा मिसळणारा संस्करणकार एका अर्थाने यंत्राच्या दृष्टीचे मानवी दृष्टीत भाषांतर करीत असतो.

अलीकडच्या चित्रपटांतील दोन उदाहरणे अभ्यासण्याजोगी आहेत. चैतन्य ताम्हाणे यांच्या द डिसायपल (२०२०) या मराठी चित्रपटास व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले. त्यात नायक रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकलने जातो, गती संथ असते आणि कानावर गुरूंच्या गुरूंची व्याख्याने पडत असतात. त्या दृश्यांत पाहण्यासारखे फारसे काही घडत नाही. दिवे येतात आणि जातात, एवढेच. पायल कपाडिया यांच्या ऑल वी इमॅजिन ॲज लाइट (२०२४) या मल्याळम, हिंदी व मराठी बोलणाऱ्या पात्रांच्या चित्रपटास कान महोत्सवात ग्रां प्री हा सन्मान लाभला. रणबीर दास यांनी चित्रित केलेली त्यातील पावसाळी मुंबई निळ्या छटांत बुडालेली आहे. म्हणजे एकाच शहराची रात्र दोन कलावंतांना दोन तऱ्हांनी दिसली. ‘सिनेमासारखे रूप’ असे एकच एक ठरीव रूप नसते, हे यावरून ध्यानात यावे. बाजारात मिळणाऱ्या तयार साच्यांचे विक्रेते मात्र तसे भासवितात.

दिव्यांचा रंग : शहरातील रात्र ही मुख्यतः दिव्यांच्या रंगाची असते. बरीच वर्षे मुंबई परिसरातील रस्त्यांवर उच्च दाबाचे सोडियम बाष्पदीप होते. त्यांचे वर्ण तापमान सु. २,००० ते २,२०० केल्व्हिन असते. त्यांत निळा प्रकाश अगदी थोडा असल्यामुळे त्यांच्याखाली निळी साडी व हिरवी साडी यांत भेद करणे कठीण जाई. वस्तूवरून जो रंग परावर्तितच झाला नाही, तो कोणत्याही संस्करणाने परत मिळत नाही. केंद्र शासनाने २०१५ मध्ये पथदीपांचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतल्यावर देशभर एलईडी दिवे वेगाने बसविण्यात आले. त्यांपैकी अनेकांचे वर्ण तापमान ४,००० ते ६,५०० केल्व्हिन असून त्यांचा उजेड पांढरा ते निळसर पांढरा असतो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर त्याच वर्षी असे पांढरे दिवे लागले, तेव्हा ‘राणीचा रत्नहार’ फिका पडल्याची तक्रार नागरिकांनी केली व पुढे तेथे पिवळसर छटेचे दिवे पुन्हा आणण्यात आले. पथदीपाचा रंग ही केवळ अभियांत्रिकीची बाब नाही, हे त्या वादाने दाखवून दिले.

रात्रीच्या छायाचित्राला नारिंगी छटा देण्याचा सध्याचा सोस हा पुष्कळसा त्या गेलेल्या सोडियम दिव्यांचा शोक आहे. त्यात गैर काही नाही. पण पांढऱ्या दिव्याखालच्या रस्त्याला सोडियमचा रंग चढविला की चित्राचे साल बदलते, याचे भान असावे.

फोनची कार्यपद्धती : पौर्णिमेच्या चांदण्यात जमिनीवर सु. ०·२५ लक्स इतकाच प्रकाश पडतो. भर उन्हात तो सु. १,००,००० लक्स असतो. दिवे असलेला रस्ता या दोहोंच्या मध्ये, पण चांदण्याच्या बाजूस पडतो. मोठ्या कॅमेऱ्याचा ३६ × २४ मिमी.चा संवेदक चांगल्या फोनमधील १/१·३ इंची संवेदकापेक्षा क्षेत्रफळाने सु. १२ पट मोठा असतो, म्हणून फोनला प्रकाश मुळातच थोडा मिळतो. प्रकाश फोटॉनांच्या रूपाने येतो आणि त्यांचे येणे अनियमित असते. संवेदकाच्या एका बिंदूवर सरासरी १०० फोटॉन पडत असतील, तर त्या संख्येत सु. १० चा, म्हणजे १० टक्क्यांचा, चढउतार होतो. १०,००० फोटॉन पडले तर तो १ टक्का उरतो. अंधाऱ्या भागात दिसणारी रंगीबेरंगी वाळू ती हीच. तिला छायाचित्रकार ‘नॉइज’ म्हणतात.

यावर तोडगा म्हणून फोन एकाऐवजी अनेक चित्रे लागोपाठ घेतो, ती एकमेकांवर जुळवितो आणि त्यांची सरासरी काढतो. नऊ चित्रे एकत्र केली की वाळू एक तृतीयांश होते. गूगलने पिक्सेल फोनांवर २०१८ मध्ये व ॲपलने आयफोन ११ वर २०१९ मध्ये ही रात्रपद्धती आणली. त्यानंतर ती सर्वत्र पसरली. सरासरी काढून झाल्यावर फोन सावल्या उचलतो, दिवे दाबतो, कडा तीक्ष्ण करतो व आकाश गुळगुळीत करतो. हे सर्व तो अशा समजुतीने करतो, की लोकांना अंधार नको असतो. कौटुंबिक समारंभाच्या छायाचित्रांपुरती ही समजूत बरोबर आहे. चित्रपटाच्या दृष्टीने ती घातक ठरते, कारण तेथे प्रेक्षकाची नजर अंधारानेच वळविली जाते.

म्हणून संस्करणाची तयारी चित्र घेतानाच करावी लागते. शक्य तेथे कच्ची धारिका जतन करावी. या कामासाठी ॲडोबी कंपनीने २००४ मध्ये ‘डीएनजी’ हे खुले स्वरूप प्रसिद्ध केले व पुष्कळ फोन ते वापरतात. नेहमीच्या जेपीईजी चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १२ बिटांच्या कच्च्या धारिकेत ४,०९६. तथापि या पायऱ्यांची वाटणी फार विषम असते. सर्वांत उजळ स्टॉपला त्यांतील २,०४८ मिळतात, त्याखालच्याला १,०२४ आणि असे निम्मे निम्मे होत सहाव्या स्टॉपला केवळ ६४ उरतात. (स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट वा निम्मा होण्याचे एक पाऊल.) अंधारातून तपशील ओढून काढू लागले की पट्टे व डाग दिसतात ते यामुळे. दुसऱ्या टोकाला, दिव्याच्या गाभ्यात संवेदक भरून गेला की तेथे कोरा पांढरा रंग उरतो व त्यातून काहीही परत मिळत नाही. या दोन तोट्यांत दिव्याचा तोटा अधिक खटकतो. तेव्हा पडद्यावर दिव्याच्या जागी बोट टेकवून उद्भासन एक ते दोन स्टॉप खाली आणावे. वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. उद्भासन काल १/१०० सेकंदापेक्षा कमी ठेवला तर चित्रात आडवे पट्टे उमटू शकतात. आणि भिंग पुसावे. बोटाच्या तेलकटपणामुळे दिव्यांतून निघणाऱ्या लांब रेघा पुष्कळांना कलात्मक वाटतात. त्या कोणत्याही संस्करणाने निघत नाहीत.

एक उदाहरण, भाईंदर पश्चिम : हे सर्व एखाद्या प्रत्यक्ष स्थळी कसे लागू पडते, हे पाहण्यास ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या (स्थापना २००२) हद्दीतील भाईंदर पश्चिम हा भाग सोयीचा आहे. थोड्या अंतरात तेथे तीन तऱ्हांची रात्र भेटते. रेल्वे स्थानकाबाहेरील बाजारात प्रकाश सर्व बाजूंनी येतो : औषधांच्या दुकानाची पांढरी पाटी, मिठाईवाल्याचा पिवळा उजेड, रिक्षांचे तांबडे मागचे दिवे, फळांच्या गाडीवर टांगलेला बॅटरीचा दिवा. पुढे दीडशे फुटी रस्त्यावर इमारतींच्या भिंती व उंच पथदीप यांमुळे उजेड वरून व एकसारखा पडतो. मुर्धा, राई व मोर्वा या गावांवरून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले की दिवे विरळ होतात; मिठागरांचे व खारफुटीचे पट्टे येतात आणि शेवटी उत्तनचा कोळीवाडा व समुद्र. उत्तरेस वसईची खाडी असून तीवरील रेल्वे पुलावरून लोकल गाडी जाते, तेव्हा उजेडाच्या खिडक्यांची माळ पाण्यात उलटी उमटते.

यांपैकी नवशिक्यास बाजार सर्वांत आकर्षक वाटतो आणि तोच सर्वांत अवघड असतो. तेथे पाच रंगांचे दिवे असल्यामुळे फोनला कोणता पांढरा खरा मानावा हे कळत नाही. तो सर्वांची सरासरी काढतो व सगळा बाजार राखाडी करून टाकतो. अशा ठिकाणी एकच दिवा मुख्य धरावा. समजा, फळांच्या गाडीवरचा दिवा मुख्य धरला. मग वर्ण तापमान त्या दिव्याच्या मानाने ठरवावे, जेणेकरून विक्रेत्याचा चेहरा व समोरची संत्री स्वाभाविक दिसतील आणि औषधांच्या दुकानाची पाटी आपोआप निळसर होईल. हा निळसरपणा दोष नव्हे. गरम व थंड रंगांचा जो विरोध सिनेमासारखा वाटतो, तो येथे जागेवरच हजर आहे; वरून फासावा लागत नाही. त्यानंतर पाटीची तीव्रता स्थानिक दुरुस्तीने एखाद्या स्टॉपने कमी करावी. डोळा आधी सर्वांत उजळ जागी जातो आणि पाटीवर औषधांच्या सवलतीखेरीज वाचण्यासारखे काही नसते.

मिठागरांकडील चित्रांत अडचण उलट असते. तेथे खाऱ्या पाण्याची खाचरे आरशासारखी स्थिर असतात. पलीकडील इमारतींचे दिवे त्यांत उतरतात आणि मधली सर्व जमीन काळी राहते. रात्रपद्धती ही काळी जमीन उचलते व ती चिखलाच्या रंगाची होते. येथे संस्करणाचे काम म्हणजे ती पुन्हा खाली बसविणे. छटारेषेचा खालचा भाग दाबावा, मात्र अगदी तळ थोडा वर उचलून ठेवावा. ० ते २५५ या मापात काळा रंग ० वर न नेता १० ते १५ च्या आसपास थांबविला, तर फिल्मवर छापलेल्या रात्रीचा मऊपणा येतो, कारण चित्रपटगृहाच्या पडद्यावर पूर्ण काळा रंग कधी पडत नसे. सुगीच्या दिवसांत मिठाच्या राशी असतील, तर त्या पांढऱ्याशुभ्र करण्याचा मोह टाळावा. रात्री मीठ राखाडी व किंचित निळे असते.

पावसाळ्यात हे काम सोपे होते. ओला रस्ता प्रत्येक दिवा दोनदा दाखवितो आणि काळ्या डांबराला तपशील मिळतो. चित्रपटवाले कोरड्या दिवसांतही चित्रणापूर्वी रस्ता पाण्याने भिजवून घेतात, तो याचसाठी. निसर्ग भाईंदरला ही सेवा चार महिने फुकट पुरवितो. साचलेल्या पाण्याबद्दल तेथील रहिवाशांचे मत अर्थात वेगळे असू शकेल. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीस बंदी असल्याने उत्तनच्या होड्या तेव्हा किनाऱ्याला असतात. पावसाळा सरल्यावर बांबूंच्या मांडवांवर सुकत घातलेले बोंबील दिव्यामागून पाहिले असता अर्धपारदर्शक दिसतात. पुलाचे चित्र खाडीकाठच्या मोकळ्या जागेवरूनच घ्यावे. रुळांच्या आवारात शिरणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली अपराध असून तसे करणे जिवावर बेतू शकते.

रंग, वलय व चौकट : लाइटरूम, स्नॅपसीड यांसारख्या आज्ञावलींत सावल्या, मधल्या छटा व उजेड यांना वेगवेगळा रंग देता येतो. सावल्यांना निळसर हिरवा व उजेडाला नारिंगी रंग देण्याची पद्धत इतकी रुळली आहे, की अनेकांना तीच सिनेमाची व्याख्या वाटते. चित्रपटांत ती २००० नंतर संपूर्ण चित्रपटाचे रंग संगणकावर ठरविणे शक्य झाल्यावर फोफावली. तिच्यामागे तर्क आहे. माणसाची कातडी गोरी असो वा काळी, तिचा मूळ रंग नारिंगीच्या आसपास पडतो; त्याच्या विरुद्ध रंग निळसर हिरवा असल्यामुळे पार्श्वभूमी तशी ठेवली की चेहरा उठून दिसतो. पण ज्या चित्रात चेहराच नाही, त्यात हा तर्क लागू होत नाही. खाडीच्या पाण्याला असा रंग दिला की ते पोहण्याच्या तलावासारखे दिसू लागते.

दिव्याभोवतीच्या तांबूस वलयाची कथा मनोरंजक आहे. फिल्मवर प्रखर प्रकाश पडला की तो पायसाच्या थरांतून आरपार जाऊन मागच्या पृष्ठावरून परत फिरतो आणि सर्वांत खालच्या, तांबड्या प्रकाशास संवेदनशील असलेल्या थरावर पुन्हा उमटतो. चित्रपटाच्या फिल्मला हे टाळण्यासाठी मागे काजळीचा थर दिलेला असे. तो काढून टाकून साध्या कॅमेऱ्यासाठी विकलेल्या फिल्मवर दिव्यांना मोठी तांबडी वलये येऊ लागली व तीच पुढे रात्रीच्या ‘सिनेमासारख्या’ चित्राची खूण बनली. गंमत अशी, की चित्रपटगृहात दाखविलेल्या चित्रपटांत ही वलये सहसा नसत. ती टाळण्यासाठीच तर काजळी होती. अनुकरण येथे मूळ वस्तूपेक्षा तिच्या मोडतोडीचे झाले आहे. वलय द्यावयाचे असेल तर फक्त उघड्या दिव्याला द्यावे. पांढऱ्या शर्टाभोवती वलय आले, की लबाडी उघडी पडते.

फिल्मचा कण शेवटी व बेताने घालावा. फोनने गुळगुळीत केलेल्या आकाशाला त्यामुळे पोत येतो व छटांतील पट्टे झाकले जातात. चौकटीबद्दल थोडक्यात इतकेच, की फोनचे चित्र बहुधा ४ : ३ असते, ते रुंद पडद्याच्या २·३९ : १ या प्रमाणात कापले तर सु. ५६ टक्केच क्षेत्र उरते. काप कुठे बसणार, हे घेतानाच डोळ्यांसमोर असल्याशिवाय माणसांची पावले किंवा पथदीपांची डोकी हमखास जातात. चित्राच्या वर-खाली नुसत्या काळ्या पट्ट्या लावल्याने ते सिनेमासारखे होत नाही.

मर्यादा : वर म्हटल्याप्रमाणे संस्करण म्हणजे अंधाराची वाटणी होय, आणि या वाटणीत माणसे सापडतात. रात्रीच्या रस्त्यावर जी माणसे स्थिर उभी असतात, ती बहुधा कामावर असतात : फळविक्रेता, पहारेकरी, रिक्षाचालक, शेवटच्या गाडीने आलेल्या टोपल्या उतरविणारी कोळीण. सावल्या दाबल्या की सर्वांत आधी हीच माणसे जातात, कारण त्यांच्यावर उजेड कमी असतो आणि त्यांची कातडी बहुधा सावळी असते. उलट फोनवर सोडले तर तो त्यांचे चेहरे उजळून गुळगुळीत करतो. सावळा रंग उजळणे ही सुधारणा आहे, असे गृहीत धरणाऱ्या सौंदर्य-आज्ञावल्या अनेक फोनांत आधीपासून चालू असतात. गूगलने २०२१ मध्ये विविध वर्णांच्या कातड्या यथातथ्य टिपण्यासाठी आपल्या फोनांत खास बदल केले. असा बदल करावा लागला, यातच पूर्वीची स्थिती कळते. योग्य मार्ग असा, की चेहऱ्यावर जो दिवा प्रत्यक्षात होता त्याच्याच दिशेने व रंगाने, अर्धा स्टॉप एवढीच भर घालावी. सावळा चेहरा सावळाच राहून ओळखू येईल इतका उजेड पुरेसा असतो.

बातमीसाठी घेतलेल्या चित्राचे नियम अधिक कडक आहेत. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेच्या नियमांनुसार छटा वा रंग बदलून पार्श्वभूमीतील वस्तू किंवा माणसे झाकणे वा नाहीशी करणे मान्य नाही. २०१५ मध्ये उपान्त्य फेरीपर्यंत आलेल्या चित्रांपैकी सु. २० टक्के चित्रे फेरफारांमुळे अपात्र ठरली होती. अंधार केवळ गडद केल्यानेही पुसण्याचे काम होते, ही गोष्ट या नियमाने स्पष्ट शब्दांत मान्य केली आहे. याच्या विरुद्ध टोकाला, नसलेले घालण्याचे काम आता फोन स्वतःहून करू लागला आहे. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही फोनांबाबत असे दाखवून देण्यात आले, की संगणकाच्या पडद्यावरील चंद्राच्या मुद्दाम अस्पष्ट केलेल्या चित्राचे छायाचित्र घेतले असता त्यात मूळ चित्रात नसलेले तपशील अवतरतात. चंद्राच्या बाबतीत ही थट्टा ठरते. गाडीच्या क्रमांकाच्या किंवा चेहऱ्याच्या बाबतीत ती ठरणार नाही.

म्हणून मूळ धारिका हात न लावता वेगळी ठेवावी व संस्करण तिच्या प्रतीवर करावे. अपघात, चोरी किंवा मारहाण यांचे एखादे चित्र उद्या पुरावा म्हणून लागू शकते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते व त्याच्या नमुन्यात धारिकेचे हॅश मूल्य नमूद करावयाचे असते. धारिकेतील एक बिंदू जरी बदलला तरी हे मूल्य बदलते. सिनेमाची कळा आणलेले चित्र कितीही देखणे असले, तरी तेथे उपयोगी पडणार नाही.

पाहणी व प्रसार : काळोख्या खोलीत, पडदा पूर्ण तेजाने लावून संस्करण केल्यास चित्र दुसऱ्या दिवशी उजेडात फार काळे दिसते. पडद्याचे तेज मध्यम ठेवावे आणि रात्री आपोआप पिवळा होणारा पडद्याचा रंग त्या वेळेपुरता बंद करावा, नाहीतर सर्व चित्रे निळी होतात. कागदावर छापावयाचे असल्यास चित्र अर्धा ते एक स्टॉप उजळ करावे, कारण कागद स्वतः प्रकाश देत नाही. व्हॉट्सॲपवरून पाठविलेल्या चित्राचे आकुंचन होऊन आकाशात पट्टे व चौकोन दिसू लागतात व घातलेला फिल्मचा कण पुसला जातो. तेच चित्र दस्तऐवज म्हणून पाठविले तर जसेच्या तसे पोचते.